गप्पा म्हणजे कचरा नव्हे

मंडळी, या शनिवार-रविवारचा विषय जरा घरगुती आहे. पण त्याच्या मुळाशी चक्क इंजिनिअरिंगचा प्रश्न दडलाय, म्हणून लिहायचा मोह आवरत नाही.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी सध्या एक ठराव तयार होतोय. यापुढे ग्रुपवर फक्त ॲडमिनने लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं. सेटिंगमधलं एक बटण दाबलं की काम फत्ते. कारण दिलंय ते एका ओळीचं : ग्रुपवर फार कचरा होतो. ठरावाच्या बाजूची बहुतेक मंडळी माझ्याच वयाची आणि माझ्याच धंद्यातली आहेत. दिवसभर ऑफिसात टिंग टिंग झेलायचं, क्लायंटचे रात्रीचे कॉल घ्यायचे आणि घरी आल्यावर पुन्हा फोनवर शेकडो न वाचलेले मेसेज बघायचे, याचा वैताग मला अगदी शंभर टक्के कळतो. तरीही माझं मत विरोधात आहे. का, ते जरा सविस्तर.

आधी तक्रार नीट समजून घेऊ. सकाळी साडेसहाला पहिलं ‘सुप्रभात’ पडतं. गुलाबाचं फूल, त्यावर दवबिंदू, खाली एक सुविचार (ज्या थोर माणसाच्या नावावर तो खपवलेला असतो त्याने तो जन्मात कधी म्हटलेला नसतो, ते सोडा). मग कुणाचा तरी वाढदिवस आणि केकच्या चित्रांची रांग. मग ‘बी विंगसमोर पांढरी स्विफ्ट कुणाची? ताबडतोब काढा’. मग कुठल्याशा पानांचा रस प्यायल्याने मधुमेह कसा कायमचा पळतो त्याची माहिती. मग ‘टू बीएचके भाड्याने देणे आहे, बॅचलर चालणार नाहीत’. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या नंबरवरून, त्यांच्या नकळत, वाहतुकीच्या चलानाच्या नावाने आलेली एक एपीके फाइल. आणि या सगळ्याच्या मधे कुठेतरी, ‘उद्या सकाळी १० ते २ पाणी बंद’.

हे सगळं एकाच पट्टीवर येतं आणि एकाच आवाजात वाजतं. त्यामुळे वैतागलेला माणूस सगळ्याला एकच शब्द वापरतो : कचरा. माझा पहिला आक्षेप या शब्दालाच आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा करायला आपल्याला महापालिकेने शिकवलं. इथे तर चार निरनिराळ्या गोष्टी एकाच डब्यात पडल्यात आणि आपण डबाच फेकून द्यायला निघालोय.

पहिली गोष्ट म्हणजे खरा, शुद्ध, जातिवंत स्पॅम. दुसरी, आपल्यातल्याच कुणाची तरी जाहिरात. तिसरी, ढकलपत्रं, म्हणजे फॉरवर्ड. आणि चौथी, गप्पा. आपल्या मराठी नेटकऱ्यांनी यासाठी फार पूर्वीच एक छान शब्द रूढ केलाय, तो म्हणजे ‘अवांतर’. चारही गोष्टींनी त्रास होतो हे खरंच. पण चौघांचं मूळ वेगळं आहे, आणि ज्या प्रश्नाचं मूळ वेगळं त्याचं उत्तरही वेगळं असणार.

जरा इतिहासात जाऊ. स्पॅम हे खरं तर अमेरिकेतल्या हॉर्मेल कंपनीच्या डबाबंद मांसाचं नाव. ते १९३७ साली बाजारात आलं. १९७० साली ब्रिटनच्या टीव्हीवर ‘माँटी पायथन’ मंडळींनी एक प्रहसन केलं. त्यातल्या हॉटेलात काहीही मागवलं तरी त्यात स्पॅम असतंच, आणि शेवटी त्या शब्दाच्या गजरात बाकी सगळं बोलणं बुडून जातं. पुढे कॉम्प्युटरवर गप्पा मारणाऱ्या पोरांनी नकोशा मजकुराच्या भडिमाराला तेच नाव दिलं. प्रकार मात्र नावाच्या आधीचा आहे. ३ मे १९७८ रोजी डीईसी या कॉम्प्युटर कंपनीच्या मार्केटिंगमधल्या गॅरी थर्क यांनी आर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना नव्या मशीनची जाहिरात एका झटक्यात पाठवली. लोक भडकले. पण थोडीफार विक्रीही झाली म्हणतात. या दोन गोष्टी एकत्र घडल्या, तिथेच पुढच्या सगळ्या दुखण्याचं बी आहे.

खरा दणका बसला १२ एप्रिल १९९४ ला. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं वकील जोडपं, लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल. त्यांनी एका प्रोग्रॅमरकडून छोटीशी स्क्रिप्ट लिहून घेतली आणि ग्रीन कार्डच्या लॉटरीची आपली जाहिरात यूजनेटच्या ५५०० हून अधिक चर्चागटांवर टाकली. विषय कुठलाही असो, जाहिरात तीच. संतापलेल्या लोकांच्या निषेधपत्रांनी त्यांना इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचं मशीन वारंवार बसलं. जोडप्याला मात्र पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. उलट त्यांनी त्याच वर्षी इंटरनेटवर पैसा कसा करावा याचं पुस्तक काढलं. त्या पुस्तकाचा सूर असा, की हे ‘नेटवरचा समाज, नेटवरचा समाज’ जे लोक म्हणतात, तसं काही मुळात नसतंच.

माझ्या मते स्पॅमची याहून नेमकी ओळख दुसरी नाही. स्पॅमर तुम्हाला ओळखत नाही. त्याला तुमची ओळख करूनही घ्यायची नसते. त्याच्या लेखी तुम्ही एक पत्ता किंवा एक नंबर असता. आणि अवांतर गप्पा मारणारा? तो तुम्हाला ओळखतो म्हणून तर बोलतो! केकचं चित्र टाकणाऱ्या काकू तुमच्या पोरीला जन्मापासून ओळखतात. एकाला समाज दिसतच नाही आणि दुसऱ्याला समाजाचं जरा अजीर्ण झालेलं असतं. ही दोन दुखणी एकमेकांच्या बरोब्बर उलट आहेत आणि आपण दोघांना एकच गोळी द्यायला निघालोय.

आता इंजिनिअरच्या नजरेने बघू. स्पॅम का चालतो? पाठवणाऱ्याचा खर्च जवळपास शून्य आणि वाचणाऱ्याचा खर्च मात्र खराखुरा, म्हणून. लाखात एकजण फसला तरी पाठवणारा फायद्यात. म्हणजे उपायाची दिशाही उघड आहे : पाठवणं जरा महाग करा. १९९७ साली ॲडम बॅक यांनी हॅशकॅश नावाची युक्ती मांडली ती हीच. प्रत्येक मेलमागे पाठवणाऱ्याच्या कॉम्प्युटरने एक छोटं गणित सोडवायचं. एक मेल पाठवणाऱ्याला कळणारही नाही, दहा लाख पाठवणाऱ्याचं कंबरडं मोडेल. (हीच कल्पना पुढे बिटकॉइनच्या पोटात गेली, पण ते अवांतर झालं :-) )

आपल्याकडे ट्रायने सप्टेंबर २०११ मध्ये एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली होती, ती लगेचच २०० केली. तेव्हा कॉलेजात असलेल्यांना ते आठवत असेल. रात्री अकराला आपला कोटा संपायचा आणि प्रेमप्रकरणं खोळंबायची. तत्त्व तेच. पण धोंडा पडला तो साध्या माणसांच्या पायावर, कारण जाहिरातवाल्यांना मारायचं औषध गप्पांवरही फवारलं गेलं. आमच्या सोसायटीचा ठराव वाचल्यावर मला पहिल्यांदा तीच मर्यादा आठवली.

दुसरा उपाय गाळणीचा. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी एक निबंध लिहिला, ‘अ प्लॅन फॉर स्पॅम’. नियम हाताने लिहीत बसू नका, असं त्यांचं म्हणणं. चांगल्या मेलांचा एक ढीग आणि वाईट मेलांचा दुसरा ढीग प्रोग्रॅमला द्या. कोणता शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो ते तो मोजेल आणि अठराव्या शतकातल्या थॉमस बेझच्या संभाव्यतेच्या नियमाने निकाल देईल. आज तुमच्या मेलबॉक्समध्ये लॉटरी लागल्याचे मेल सहसा दिसत नाहीत, त्यामागे याच विचाराची पुढची पिढी आहे. म्हणजे जातिवंत स्पॅम हा बऱ्याच अंशी सुटलेला प्रश्न आहे. जो सुटलेला नाही, तो ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून येणारा. २०२४ मध्ये लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइली फिरल्या त्या अशाच. तिथे गाळणी नाही चालत. तिथे ‘अहो काका, तुमचा फोन हॅक झालाय, फाइल कुणीही उघडू नका’ असं दोन मिनिटांत ओरडणारा माणूस लागतो.

आणि ठरावाप्रमाणे त्या माणसाचं तोंड आपण बंद करणार. हे लक्षात घ्या. चोर तर काय, ग्रुप बंद असला तरी एकेकाला वेगळा मेसेज टाकेल. ओरडणारा मात्र ॲडमिनच्या परवानगीची वाट बघत बसेल.

तिसरा प्रकार ढकलपत्रांचा. यावर हसून चालणार नाही, कारण याने माणसं मेलीत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. कारण, मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा. देशात तेव्हा अशाच अफवांनी ठिकठिकाणी बळी घेतले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, अनेक हात फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि अशा मेसेजचं फिरणं सत्तर टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. बघा, इथे कुणाचं बोलणं बंद केलं नाही. स्वतः टाइप करून कितीही लिहा. फक्त न वाचता पुढे ढकलण्याचा सोपेपणा थोडा काढून घेतला. मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटतो. दुखणं जिथे आहे नेमकं तिथेच बोट ठेवलंय.

उरला चौथा प्रकार, अवांतर. याला कुठलीही गाळणी लावता येत नाही, कारण अवांतर हा मेसेजचा गुण नाहीच. तो मेसेज आणि जागा यांच्यातला संबंध आहे. ‘आज गुळपोळ्या केल्यात, कुणाला हव्या असतील तर या’ हा निरोप संक्रांतीच्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर आला तर तोंडाला पाणी सुटतं. तोच निरोप पाण्याच्या टाकीवरच्या चर्चेत आला तर डोकं फिरतं. शब्द तेच, माणूस तोच. चुकली ती जागा. मग उत्तरही जागेचंच हवं ना?

हा शोध काही माझा नाही. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे. तिथल्या लोकांनी गप्पांसाठी ‘वाहती पानं’ ठेवली. मनसोक्त बोला, जुनं आपोआप वाहून जातं. त्यामुळे जिथे पाककृती किंवा गझला टिकायला हव्यात तिथे त्या टिकतात. मराठी विकिपीडियाने आपल्या चर्चेच्या जागेला नाव दिलंय ‘चावडी’. ज्ञानकोश आपल्या जागी आणि वाद चावडीवर. आपल्या वाडवडिलांनाही हे बरोबर कळलेलं होतं. वाड्याला ओटा असायचा, पडवी असायची, माजघर असायचं. ओट्यावरच्या गप्पांना कुणी माजघरात आणायचं नाही. पण म्हणून ओटा पाडा असंही कुणी म्हणायचं नाही.

ओटा पाडला तर काय होतं, याचंही उदाहरण आपल्याच धंद्यात आहे. स्टॅक ओव्हरफ्लो २००८ मध्ये सुरू झालं. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या नोकऱ्या त्याच्यावर तगल्या, खोटं कशाला बोला. त्यांचा नियम कडक होता. प्रश्न आणि उत्तर, बाकी काही नाही. ‘नमस्कार’, ‘आभारी आहे’ हेसुद्धा काढून टाकायचे. विषयाबाहेरचा प्रश्न बंद. त्याचा फायदा प्रचंड झाला, हे मान्यच. गूगलवरून तिथे गेलं की थेट उत्तर. पण नव्या माणसाला तिथे दारातच टपली बसायची. एप्रिल २०१८ मध्ये खुद्द त्यांच्याच अधिकाऱ्याने जाहीरपणे लिहिलं, की आपल्याकडे नव्या लोकांचं स्वागत होत नाही, विशेषतः बायकांना आणि उपेक्षित गटांतल्या लोकांना ही जागा आपली वाटत नाही. पुढे २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि तिथे येणाऱ्या नव्या प्रश्नांची संख्या झपाट्याने घसरली. याची कारणं अनेक असतील. मला मात्र एक दिसतं. जिथे माणूस फक्त उत्तरासाठी जातो, तिथे उत्तर दुसरीकडे मिळालं की जायचं कारण संपतं. ओट्यावर बसायला आलेला माणूस असा उठून जात नाही.

तर आता आमच्या सोसायटीकडे परत. दोन गोष्टी सांगतो, दोन्ही गेल्या वर्षभरातल्या.

पहिली ठरावाच्या बाजूची. उन्हाळ्यात एका टाकीत ड्रेनेजचं पाणी झिरपलं. सेक्रेटरींनी सकाळी सव्वासातला लिहिलं, ‘सी विंगने नळाचं पाणी पिऊ नये’. नेमका त्या दिवशी एका जोडप्याच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. पुढच्या अर्ध्या तासात त्या निरोपावर शुभेच्छांचा असा काही ढीग पडला, की सी विंगमधल्या निम्म्या घरांनी तो पाहिलाच नाही. दोन लहान मुलांना जुलाब-उलट्या होऊन सलाइन लावावं लागलं. त्या मुलांपैकी एकाची आई आज ठरावावर पहिली सही करणारी आहे. तिच्यासमोर ‘गप्पांचं महत्त्व’ यावर भाषण ठोकायची माझी तरी छाती नाही. तिचं म्हणणं बरोबरच आहे. महत्त्वाचा निरोप बुडता कामा नये.

दुसरी गोष्ट डी विंगमधल्या आजींची. वय सत्त्याहत्तर, मुलगा-सून न्यू जर्सीत. सकाळी साडेसहाचं ते गुलाबाचं फूल, दवबिंदूसकट, त्यांचं. त्यावरून आम्ही पोरं-पोरी मागे हसायचो. पावसाळ्यात एके दिवशी साडेआठ वाजले तरी फूल आलं नाही. समोरच्या विंगमधल्या एका काकांनी ग्रुपवर विचारलं, ‘आज वहिनींचं सुप्रभात नाही?’ शेजारणीने बेल वाजवली. दार उघडेना. तिच्याकडे किल्ली होती. आजी बाथरूममध्ये पडलेल्या होत्या, पहाटेपासून. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन चालतात. संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नसतं तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

२०१८ च्या सुरुवातीला वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये बातमी होती, की भारतातले फोन या ‘गुड मॉर्निंग’च्या चित्रांनी तुंबतात आणि गूगलने ती शोधून पुसायची सोय आपल्या ॲपमध्ये केलीय. आम्ही ऑफिसात ती बातमी एकमेकांना पाठवून पोट धरून हसलो होतो. आमच्यासाठी ते फूल म्हणजे फोनमधले दीड-दोनशे केबी. आजींसाठी ती हजेरी होती. सिस्टिमच्या भाषेत सांगायचं तर हार्टबीट. सर्व्हर दर ठरावीक वेळाने ‘मी आहे’ एवढंच सांगतो. त्या निरोपात माहिती काहीच नसते. माहिती असते ती निरोप न येण्यात. मॉनिटरिंगवर काम करणारा कुठलाही शहाणा माणूस हार्टबीटला कचरा म्हणून बंद करत नाही. तो फक्त ते मुख्य लॉगमधून वेगळं काढतो.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकदम सांभाळता आल्या पाहिजेत. ठरावात त्यातली एकच सांभाळलीय.

हा सगळा खेळ एका सामाईक गोष्टीचा आहे : लक्ष. दोनशे घरांचं लक्ष ही सगळ्यांच्या मालकीची वस्तू आहे आणि जो तो त्यातून आपल्याला हवं तेवढं उपसतो. अशा सामाईक गोष्टींचं काय करायचं, यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर काम केलं, त्याबद्दल त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कुरणं, मासेमारी, पाटाचं पाणी, असं सगळं त्यांनी अभ्यासलं. सामाईक वस्तू एक तर सरकारच्या ताब्यात द्या नाहीतर खाजगी करा, तिसरा मार्ग नाही, हा समज त्यांनी खोडून काढला. वापरणारेच नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात, आणि चुकणाऱ्याला आधी सौम्य आणि मग वाढत जाणारी शिक्षा करतात, तिथे सामाईक वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकते, असं त्यांनी दाखवलं.

लांब कशाला जायचं? आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षं चालत आलेली फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्याच्या पाण्याखालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड, आणि एका फडात एका हंगामात एकच पीक. उसाच्या फडाला उसाएवढं पाणी, भुसाराच्या फडाला भुसाराएवढं. पाणी सोडायला पाटकरी. तो शेतकऱ्यांनीच नेमलेला, त्यांनाच जबाबदार. पाणी कमी आहे म्हणून पाटाचं दार कायमचं लावून किल्ली पाटकऱ्याकडे द्या, असं तिथे कुणी सुचवलं असतं तर त्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं!

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. फड पाडा.

एक, सूचनांचा ग्रुप वेगळा करा आणि तो खुशाल ॲडमिनपुरता ठेवा. पाणी, वीज, लिफ्ट, आग, दुखणं, एवढंच. दिवसाला सहसा एक-दोन निरोप. तो ग्रुप कुणीही म्यूट करायचा नाही. व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये ‘कम्युनिटी’ची सोय आणली ती अगदी यासाठीच आहे, फुकटात.

दोन, गप्पांचा कट्टा वेगळा, तिथे सुप्रभात, केक, गुळपोळ्या, भारत-ऑस्ट्रेलिया मॅच, सगळं चालेल. ज्याला नको त्याने म्यूट करावं, त्याबद्दल कुणी कुणाला टोमणे मारायचे नाहीत.

तीन, जाहिरातीला आठवड्यातून एक दिवस. डबेवाल्या ताई, क्लासवाले सर, फ्लॅट भाड्याने देणारे, सगळ्यांनी रविवारी आपापलं दुकान मांडावं. ही आपलीच माणसं आहेत आणि त्यांच्या डब्यावर आपल्यातले कितीतरी जेवतात. त्यांना स्पॅमर म्हणणं हा कृतघ्नपणा आहे.

चार, ढकललेला मजकूर दोन ओळी स्वतःच्या लिहिल्याशिवाय टाकायचा नाही. ‘मी हे का पाठवतोय’ एवढं लिहायचं. अर्धे फॉरवर्ड इथेच गळतील, कारण बहुतेक वेळा त्याला उत्तर नसतं.

पाच, चुकल्यास आधी खाजगीत सांगायचं, मग ग्रुपवर, मग आठवडाभर बाहेर. थेट हकालपट्टी फक्त जातिवंत स्पॅमरची.

आणि नव्या बिऱ्हाडाला हे सगळं समजावून सांगायचं काम कुणाला तरी द्यायचं. यूजनेटवर दर सप्टेंबरला कॉलेजची नवी पोरं यायची, महिनाभर गोंधळ घालायची, मग जुन्यांकडून रीत शिकायची. १९९३ नंतर मोठ्या कंपन्यांनी लाखोंच्या संख्येने नवे लोक बारा महिने आत सोडले आणि रीत शिकवायला जुने पुरेनात. त्याला आजही ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणतात. १९९५ मध्ये इंटरनेटवर कसं वागावं याचा आरएफसी १८५५ नावाचा दस्तऐवज निघाला. त्यात नव्या माणसाला सल्ला आहे, की लिहिण्याआधी महिना-दोन महिने नुसतं वाचा. आमच्याकडे नवा भाडेकरू दुसऱ्याच दिवशी क्रिप्टोची लिंक टाकतो. त्याला रीत कुणी सांगितलीच नसेल तर दोष एकट्या त्याचा कसा?

आता दोन आक्षेप. पहिला : ‘ॲडमिनवर केस झाली तर?’ कुलूप लावण्यामागे ही भीती मोठी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय, की एखाद्या सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून केवळ ॲडमिन असल्याबद्दल कुणी गुन्हेगार ठरत नाही. त्यात त्याचा समान हेतू असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा सेक्रेटरी काकांनी रात्री शांत झोपावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : ‘एवढं सगळं रोज बघणार कोण?’ खरंय. बटण दाबणं फुकट आहे आणि कट्टा सांभाळणं हे काम आहे. पण हिशेब पुरा मांडा. ग्रुप बंद केला म्हणून लोक बोलायचे थांबत नाहीत. ते ‘ए विंग लेडीज’, ‘पार्किंग पीडित’, ‘फक्त मित्र’ अशा दहा पोटग्रुपांत पांगतात. तिथे मधुमेहाचा पाला बिनबोभाट खपतो, कारण ‘हे खोटं आहे’ म्हणणाऱ्या डॉक्टरीण बाई त्या ग्रुपात नसतात. आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये कुणाला गोळ्या हव्यात, कुणाचा डबा बंद झालाय, कुणाच्या घरी सगळेच आजारी आहेत, हे आपल्याला कळलं ते त्याच कचऱ्याच्या ग्रुपवर. ती माणसं एकमेकांना हाक मारू शकली, कारण आधीची कैक वर्षं ती एकमेकांना केकची चित्रं पाठवत होती. ऐनवेळी अनोळखी माणसाकडे क्रोसिन मागायला जीभ रेटत नाही हो.

तेव्हा कट्टा सांभाळायला आळीपाळीने दोघं-दोघं, महिनाभर, असा माझा प्रस्ताव आहे. गणपतीच्या वर्गणीला फिरतो तसं. पहिल्या महिन्याला मी नाव देतोय. दुसरं नाव त्या सी विंगमधल्या आईचं असावं असं मला मनापासून वाटतं. नियम कडक राखायला तिच्याहून योग्य माणूस नाही.

असो, बरंच लांबलं. तुमच्या सोसायटीत काय रीत आहे? ग्रुपला कुलूप लावून बघितलं असेल तर सहा महिन्यांनी काय झालं, लोक खरंच सुखी झाले का, हे मला फार ऐकायचंय. विशेषतः जे माझ्याशी सहमत नाहीत त्यांच्याकडून.

चला, चहा निवला. भेटू पुढच्या शनिवारी.